सेव्हन आयर्न कधीमधी १७० यार्ड जावं की दरवेळी १४५च जावं?

हिंजवडीचा_हुक

मंडळी, मागे पटरच्या धाग्यावर एवढे गोल्फवाले आयडी बिळातून बाहेर आले होते की हा प्रश्नही इथेच टाकावा म्हटलं.

वय ४१, हँडिकॅप १९ (म्हणजे पारपेक्षा साधारण १९ फटके जास्त मारणारा हौशी), खेळ शनिवार-रविवार, पुण्यातच. नवे आयर्न (ग्रीनकडे मारायचे लोखंडी क्लब, नंबर वाढला की फटका आखूड) घ्यायचेत. बजेटचे दोन आकडे आहेत, एक घरी सांगितलेला आणि एक खरा, त्यामुळे पैशांचा विषय नको.

दोन सेटवर येऊन गाडी अडलीय. दोन्हींचे सेव्हन आयर्न लाँच मॉनिटरवर (बॉलचं अंतर, स्पिन मोजणारं यंत्र) मारून पाहिले. बॉल तोच, मॅट तीच, शाफ्टही साधारण सारख्याच वजनाचे.

अ सेट: आतून पोकळ डोकं, पातळ फेस, लॉफ्ट (फेसचा तिरपेपणा) २९ अंश. सरासरी कॅरी (हवेतून कापलेलं अंतर) १५८ यार्ड. सगळ्यात आखूड १४४, सगळ्यात लांब १७१.

ब सेट: फोर्ज्ड कॅव्हिटी बॅक (ठोकून घडवलेलं, मागून खोलगट डोकं), लॉफ्ट ३४ अंश. सरासरी १४४. आखूड १३६, लांब १४९.

अ मारताना जो आवाज येतो आणि स्क्रीनवर जो आकडा उमटतो, त्याने माणूस खुळावतो. १४ यार्ड फुकट मिळतायत. पण त्या १७१च्या फटक्यात मी वेगळं काहीही केलं नव्हतं. तोच स्विंग, तसाच लागल्यासारखा वाटला. कोर्सवर असतो तर ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीच्या) मागच्या झाडीत बॉल शोधत बसलो असतो. दुकानातला मुलगा म्हणतो अ घ्या. सोबत खेळणारे दोघं म्हणतात ब घे. तुम्ही काय घ्याल, आणि का?

बंकरवासी

दोन्ही घ्या. समोर पाणी असेल तर अ, मागे पाणी असेल तर ब. दोन्हीकडे पाणी असेल तर क्लब हाउसमध्ये बसा.

चेंबूरकाका

ब. विषय संपला.

बरं, थोडं लिहितो, नाहीतर म्हणाल काकांनी फतवा काढला. आयर्न हे लांब मारायचं हत्यार नाही. लांब मारायला पिशवीत ड्रायव्हर आहे, वुड आहेत. आयर्न हातात घेताना मला एकच गोष्ट ठाऊक हवी, की हा नीट लागला तर बॉल कुठे पडणार. ते ठाऊक नसेल तर पिशवीत सात आयर्न घेऊन फिरायचंच कशाला? एकच न्या.

आमच्याकडे चेंबूरला दुपारनंतर वारा फिरतो. त्यात वाऱ्याचा अंदाज घ्यायचा, पिन (भोकातली झेंड्याची काठी) पुढे की मागे ते बघायचं, आणि वर आपल्याच क्लबची मर्जीही सांभाळायची? या वयात नाही झेपत.

प्लेनोकर

काकांचा आदर राखून असहमत.

हूकभाऊ, तुमचेच आकडे पुन्हा वाचा. अ चा सगळ्यात वाईट फटका १४४. ब ची सरासरी १४४. म्हणजे तुमचा अगदी फसलेला अ हा तुमच्या नेहमीच्या ब एवढा जातो! १९ हँडिकॅपचा माणूस ग्रीनच्या मागे किती वेळा जातो आणि ग्रीनच्या अलीकडे किती वेळा अडकतो, हे प्रामाणिकपणे सांगा. इथे डॅलसच्या बाजूला माझ्यासोबत खेळणारे सगळे ‘शॉर्ट’ मारतात. कोर्सवाल्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून बहुतेक बंकर (वाळूचे खड्डे) पुढच्या बाजूला असतात.

शिवाय कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडींनी स्ट्रोक्स गेन्ड (प्रत्येक फटका सरासरीपेक्षा किती सरस ते मोजणे) या पद्धतीने जे हिशेब मांडले, त्यांत एक गोष्ट स्पष्ट आहे. लांबी वाढली तर तिचा फायदा प्रोपेक्षा आपल्यासारख्या हौशी खेळाडूला जास्त होतो. ‘हौशींनी लांबीचा नाद सोडावा’ हा उपदेश ऐकायला गोड, पण स्कोअरकार्डवर टिकत नाही.

चेंबूरकाका

ब्रॉडींचा तो हिशेब टी-वरून (होलच्या सुरुवातीच्या जागेवरून) मारलेल्या ड्राइव्हचा आहे हो. त्याच गृहस्थांनी हेही दाखवलंय की टूरवरचे (व्यावसायिक स्पर्धांतले) अव्वल खेळाडू बाकीच्यांच्या पुढे जातात त्यातला सगळ्यात मोठा वाटा, साधारण ४० टक्के, ग्रीनकडे मारलेल्या फटक्यांचा असतो. पुस्तकं आम्हीही वाचतो, फक्त चष्मा लावून.

मुग्धा_स

प्लेनोकर, तुमच्या युक्तिवादात एक भोक आहे. अ चा वाईट फटका ब च्या सरासरीएवढा जातो हे बरोबर, पण १४५ वर पिन असताना हूकदादा अ चा सेव्हन घेतीलच कशाला? ते अ चा एट किंवा नाइन घेतील. आणि मग तो एट १४५च्या आसपास किती सुटा-सुटा पडतो, हा खरा प्रश्न. ‘सेव्हन’ हा नुसता सोलवर (क्लबच्या तळावर) कोरलेला आकडा आहे.

बंकरवासी

ताईंनी धागाच गुंडाळला की.

यंत्रयोगी

मुग्धाताईंनी मुद्द्यावर बोट ठेवलंय, तो जरा उकलतो. (पेशाने मेकॅनिकल, हँडिकॅपने २३. त्यामुळे सिद्धांत माझा ऐका, स्विंग दुसऱ्याचा बघा.)

क्लबवरचा नंबर कुठल्याही नियमाने लॉफ्टला बांधलेला नाही. एकाच कंपनीकडे बघा: टायटलिस्टच्या टी१०० चा सेव्हन ३४ अंशांचा, टी१५० चा ३२ आणि टी३५० चा २९. पिंगच्या जी४३० चा सेव्हनही २९चाच. चौघांवरही ‘७’ लिहिलंय. २९ अंशांचा क्लब म्हणजे जुन्या हिशेबाने सहा नंबरपेक्षाही किंचित तगडा. शाफ्टही बहुधा पाव इंच लांब. तो लांब जाणार नाही तर काय होणार?

कंपन्यांनी ही निव्वळ फसवाफसवी केलीय असं मात्र नाही. पातळ फेस आणि सोलमध्ये खाली बसवलेलं टंगस्टन यांमुळे गुरुत्वमध्य खाली जातो आणि बॉल आधीपेक्षा उंच उडतो. तसाच जुना लॉफ्ट ठेवला तर तो आभाळात जाईल आणि पुढे जाणारच नाही. म्हणून लॉफ्ट कमी करावाच लागतो. उंची परत मिळते, पण स्पिन परत मिळत नाही. गोम तिथे आहे.

स्पिन म्हणजे नुसतं ग्रीनवर थांबणं नव्हे. भरपूर बॅकस्पिन असलेला बॉल जरा जोरात लागला तर वर चढतो आणि उभा खाली येतो, म्हणजे जास्तीच्या वेगातला काही भाग उंचीत खर्ची पडतो. कमी स्पिनचा बॉल जोरात लागला की सरळ पुढेच पळतो. त्यामुळे तुमच्या फटक्यातला तोच बारीकसा फरक अ मध्ये मोठा होऊन दिसतो.

हूक, तुमच्याकडे स्पिनचे आणि उतरणीच्या कोनाचे आकडे आहेत का? आणि अ चा एट आयर्न मारून पाहिलात का? तो ३३ अंशांच्या आसपास असणार, म्हणजे ब च्या सेव्हनचा खरा जोडीदार. तुलना त्या दोघांची करा.

हिंजवडीचा_हुक

एट मारला नव्हता. दुकानात कोणी सुचवलंही नाही. या आठवड्यात जाऊन मारतो.

स्पिनचे आकडे फोनमध्ये होते: अ मध्ये ४३०० ते ५६००, ब मध्ये ६२०० ते ६९००. उतरण अ ची सरासरी ४१ अंश, ब ची ४६.

स्क्रॅच_पोरगा

४१ अंशांत उतरणारा, वर ४३०० स्पिनचा बॉल आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या टणक ग्रीनवर थांबणार नाही दादा. फिटर लोक साधारण ४५च्या वर उतरण मागतात. कॅरी १५८ आणि मग पुढे घरंगळणं वेगळं.

तुलनेसाठी सांगतो. ट्रॅकमॅन या लाँच मॉनिटर कंपनीचा पीजीए टूरचा (पुरुष व्यावसायिकांचा) जो तक्ता बरीच वर्षं फिरतोय, त्यात सेव्हन आयर्नची सरासरी कॅरी १७२ यार्ड, स्पिन ७००० च्या आसपास आणि उतरण ५० अंश. तुमचा १७१ हा टूरचा आकडा आहे, पण निम्म्या-पाऊण स्पिनवर आलेला. दिसायला सारखा, वागायला नाही.

आणि त्याच तक्त्यात एलपीजीएची (बायकांच्या टूरची) सेव्हनची सरासरी १४१ आहे.

मुग्धा_स

ऐका! जगातल्या सर्वोत्तम बायका १४१ मारून आपलं पोट भरतात आणि इकडे १४४ मारणाऱ्यांना झोप येत नाहीये.

बंकरवासी

माझा सेव्हन १६५ जातो. (कॅरी ११०, उरलेला कार्टपाथवरून.)

फाटकाबाहेरचा

शेकडो एकर हिरवळीला पाणी घालून पंधरा-वीस माणसं छत्र्या आणि नोकर घेऊन फिरतात, आणि बाहेर टँकरची रांग. त्यात काठी १४ यार्ड लांब मारते की नाही ही चिंता. चालू द्या.

चेंबूरकाका

पाण्याचा प्रश्न खरा आहे, आणि तो विचारला पाहिजे. बरीच कोर्स प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरतात, सगळीच वापरत नाहीत. स्वतंत्र धागा काढा, मी येईन, आणि सगळंच गोल्फच्या बाजूने बोलेन असंही नाही. पण ‘नोकर’ शब्द मागे घ्या. कॅडी हा खेळातला जाणकार असतो. आपल्या देशातले कितीतरी चांगले व्यावसायिक खेळाडू कॅडीगिरीतून वर आलेत.

फाटकाबाहेरचा

शब्द मागे. धागा काढतो.

नाशिकचा_नाना

कॅडीवरून आठवलं. माझा नेहमीचा कॅडी मला कधीच यार्ड सांगत नाही. हात पुढे केला की थेट क्लब देतो. “साहेब, आठ. अर्धा नको, पूर्ण.” वर्षानुवर्षं हे बिनचूक चाललं होतं. मग पोराने वाढदिवसाला नवा सेट दिला, याच तुमच्या अ जातीचा. पहिल्याच दिवशी कॅडीने सवयीने आठ दिला, मी पूर्ण मारला, आणि बॉल ग्रीन ओलांडून पुढच्या टी-वर उभ्या असलेल्या मंडळींच्या पायांत. त्यांनी ओरडायचं ते ओरडून घेतलं. कॅडीने क्लब उलटा करून बराच वेळ तो आकडा बघितला आणि म्हणाला, “साहेब, ह्याच्यावर आठ लिहिलंय, पण हा आपला सात आहे.”

आता त्याने मनातल्या मनात एकेक घर सरकवून घेतलंय. पण एक तक्रार मात्र त्याने कायम ठेवलीय: “आधीचे पाटे एका जागी पडायचे, हे कधीकधी पळतात.” लाँच मॉनिटर नाही, स्पिनचा आकडा नाही, आणि माणूस यंत्रयोगींच्या निष्कर्षाला पोचलाय.

अवांतर: नाशिक-पुण्याला मुंबईपेक्षा बॉल किंचित लांब जातो, उंचीमुळे. दर हजार फुटांना एक टक्क्याच्या जरा वर, म्हणजे आपल्याकडे दोन-अडीच टक्के. चेंबूरचे १४५ इथे १४८. काकांनी नाशिकला यावं, तीन यार्ड भेट.

चेंबूरकाका

येतो, पण पावसाळ्यात नको. पावसाळी हवा जड असते, बॉल मरतो तिच्यात.

यंत्रयोगी

काका, दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पाण्याच्या रेणूचं वजन १८, हवेची सरासरी २९. बाष्प वाढलं म्हणजे जड रेणूंच्या जागी हलके आले. फरक नगण्य, पण आहे तो बॉलच्या फायद्याचा.

चेंबूरकाका

मग माझा बॉल जुलैत मरतो तो कशाने?

यंत्रयोगी

ओलं फेअरवे, त्यामुळे रोल शून्य. ओला फेस. अंगावर रेनकोट. आणि आदल्या रात्रीची भजी.

चेंबूरकाका

भजीचा मुद्दा मान्य.

स्क्रॅच_पोरगा

पावसाळ्याचा या धाग्याशी थेट संबंध आहे पण. ओल्या रफमध्ये (बाजूच्या उंच गवतात) बॉल आणि फेसमध्ये गवत अडकतं, ग्रूव्हना (फेसवरच्या खाचांना) पकड मिळत नाही, स्पिन जातो आणि बॉल सुसाट सुटतो. यालाच फ्लायर म्हणतात. यूएसजीए आणि आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थांनी २०१० मध्ये ग्रूव्हचे नियम कडक केले ते रफमधूनही सहज स्पिन मिळू नये म्हणूनच. ज्या क्लबमध्ये मुळातच स्पिन कमी, त्यात हा प्रकार आणखी छळतो, कारण गमवायला काही शिल्लकच नसतं.

मुग्धा_स

आता माझी बाजू, कारण असे क्लब ‘कमी स्विंग स्पीडवाल्यांसाठी’ म्हणून विकले जातात आणि ते अर्धसत्य आहे.

माझा सेव्हन १०० यार्डांच्या आसपास जातो. मला लांबी हवीच आहे, माझ्यासाठी पार फोर (चार फटक्यांत संपवायचा होल) म्हणजे बहुतेक वेळा तीन फटक्यांचं ग्रीन. म्हणून मी लांब पल्ल्याचा सेट घेतला, कमी लॉफ्टचा. सेव्हन, एट, नाइन छान गेले. पण सिक्स आणि फाइव्ह? दोन्ही एकाच जागी पडायचे. कधी तर फाइव्ह आधी पडायचा. कारण साधं आहे, तेवढ्या कमी लॉफ्टला बॉल वर चढवायला जो वेग लागतो तो माझ्याकडे नाही. बॉल खालून सूं करत जातो आणि जमिनीला टेकतो. म्हणजे सेटमधल्या दोन क्लबचे पैसे पाण्यात, आणि १०० ते १३०च्या मध्ये मला खात्रीचा असा एकही क्लब नाही.

शेवटी फाइव्ह आणि सिक्स घरी ठेवले आणि हायब्रिड व सेव्हन वुड (जाड डोक्याचे, बॉल सहज उडवणारे क्लब) आणले. ते उंच जातात, उभे उतरतात, आणि दोघांतलं अंतर खरोखर अंतर आहे. हूकदादा, एका सेव्हनवरून सेट निवडू नका. दोन टोकं मारून बघा, सगळ्यात लांब आयर्न आणि पिचिंग वेज (जास्त लॉफ्टचा, जवळून मारायचा क्लब).

स्क्रॅच_पोरगा

ताई +१. पिचिंग वेजच्या टोकाला वेगळीच गंमत आहे. असल्या सेटमधला पिचिंग वेज ४१ ते ४३ अंशांचा असतो. जुना ४७-४८चा असायचा. बहुतेकांचा सँड वेज ५६चा. म्हणजे मधे १३-१५ अंशांचं भगदाड. पिचिंग १३० जातो आणि सँड ८५, मग ११० वर काय मारणार? अर्धा स्विंग. १९ हँडिकॅपवाल्याचा अर्धा स्विंग म्हणजे लॉटरी. त्यामुळे गॅप वेज घ्यावाच लागतो, कधी दोन. पिशवीत क्लब १४च, नियमानेच. वर एक वाढला की खालचा एक जाणार.

एडिंबराचा_भाऊ

धागा उशिरा वाचला. एक उलटा अनुभव.

इथे स्कॉटलंडमध्ये लिंक्सवर (समुद्रकाठच्या कोर्सवर) ‘ग्रीनवर उभा उतरणारा बॉल’ ही चैन आहे. जमीन टणक, वारा समुद्रावरून, ग्रीनच्या आधी चाळीस यार्ड चांगली कापलेली हिरवळ. उंच मारला तर वारा त्याचं काय करेल सांगता येत नाही. म्हणून इथले म्हातारे सिक्स आयर्न घेऊन अर्ध्या उंचीने मारतात आणि पळवत नेतात. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर तर सात ग्रीन अशी आहेत की प्रत्येकावर दोन-दोन होल, एवढी मोठी की २० यार्ड लांब गेलात तरी ग्रीनवरच असता. फक्त पट (ग्रीनवरचा फटका) ५० यार्डांचा. :)

त्यामुळे कमी स्पिन हा सगळीकडे दोष नाही. पण तरीही मी ब च्या बाजूचा आहे. ट्रूनचा आठवा होल, पोस्टेज स्टॅम्प, १२३ यार्ड. ग्रीन नावाप्रमाणेच चिमुकली, भोवती खोल बंकर. लांबी कोणालाही कमी पडत नाही तिथे, आणि तरीही ओपनमध्ये भलेभले गारद होतात. आठ यार्ड चुकलात की संपलं.

प्लेनोकर

सगळे ब कडे झुकलेत म्हणून मी एकटा किल्ला लढवतो.

‘फोर्ज्ड म्हणजे सातत्य’ हा गैरसमज इथे हळूच आत शिरलाय. फटका स्वीट स्पॉटला लागला नाही तर कुठलं डोकं जास्त माफ करतं? मोठं, कडेला वजन असलेलं, म्हणजे अ जातीचं. ब सारखं आटोपशीर डोकं टोकाकडे लागलं की जास्त वेग गमावतं. लाँच मॉनिटरवर सपाट मॅटवरून, दम न लागता, बॉल टी-अप केल्यासारखा मारलेला १३ यार्डांचा पसारा आहे तो. उतारावर उभं राहून, चौदाव्या होलवर घामाघूम झाल्यावर ब चं काय होतं ते बघा. आणि मॅट फॅट फटके (बॉलआधी जमिनीला लागलेले) लपवते. कोर्सवर ब चा ‘आखूड’ १३६ नसेल, १२० असेल.

यंत्रयोगी

हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला आक्षेप आहे, आणि तो बरोबरही आहे. माफी आणि सातत्य यांत गल्लत नको. अ मध्ये कडेच्या फटक्याला माफी जास्त, मधल्या फटक्यांत सातत्य कमी. ब मध्ये उलट. कुणाला काय हवं, हे बॉल फेसवर कुठे लागतो त्यावर ठरतं. हूक, व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला ठिपका काढा आणि मारा. फेसवर ठसा उमटतो. ठसे मुठीएवढ्या जागेत पसरले असतील तर प्लेनोकरांचं ऐका. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत असतील तर काकांचं.

बंकरवासी

माझे ठसे शाफ्टवर आहेत. मी कोणाचं ऐकू?

चेंबूरकाका

डॉक्टरचं.

नाशिकचा_नाना

बॉल कोणता वापरता तेही बघा. दोन थरांचा कडक कव्हरचा स्वस्त बॉल आणि अ सेट म्हणजे स्पिनच्या नावाने दोन्हीकडून बोंब. युरेथेन (जास्त स्पिन देणाऱ्या मऊ) कव्हरचा बॉल घेतला तर अ सुद्धा थोडा माणसाळतो. दोन-तीन यार्डांसाठी लोक लाखाचे आयर्न बदलतात आणि बॉल मात्र तळ्यातून काढून पिशवीत भरून विकतात ते आणतात.

बंकरवासी

नाना, ते माझेच असतात. मी ते जपून तळ्यात ठेवलेले असतात.

हिंजवडीचा_हुक

मारून आलो. यावेळी माझा स्वतःचा युरेथेनवाला बॉल नेला, आणि मॅटऐवजी रेंजवर गवत होतं तिथून मारलं. मॉनिटर मित्राचा, हातात धरून फिरता येईल असा छोटा.

अ चा एट (३३ अंश): सरासरी १४६, पसारा १३७ ते १५८.
ब चा सेव्हन (३४ अंश): सरासरी १४३, पसारा १३१ ते १४९.
ब चा सिक्स (३० अंश): सरासरी १५४, पसारा १४२ ते १६०.

म्हणजे फुकटचे जे १४ यार्ड मला दिसत होते त्यातले दहा नुसते नंबरच्या छाप्याचे होते. ब चा सिक्स घेतला की ते येतात. खरी कमाई तीन-चार यार्ड. मुग्धाताई, यंत्रयोगी, आभार.

प्लेनोकरांचंही थोडं खरं निघालं. गवतावर ब चा आखूड फटका १३६ वरून १३१ वर आला. पण तुमच्या १२० पर्यंत काही गेला नाही. आणि अ चा १५८वाला फटका गवतावरही आलाच, एकदा नाही, अधूनमधून, कुठलीही पूर्वसूचना न देता.

ठसे: नाण्याएवढे नाहीत, मुठीएवढेही नाहीत. बोराएवढे म्हणू. जवळजवळ सगळे फेसच्या मधून थोडे टाचेकडे.

स्क्रॅच_पोरगा

टाचेकडे एकसारखे म्हणजे चांगली बातमी आहे. तो पसारा नाही, ती सवय आहे. बॉलपासून किंचित लांब उभे राहून बघा, किंवा फिटरकडून लाय अँगल (शाफ्ट जमिनीशी करतो तो कोन) तपासून घ्या. उंचीला लाय जुळत नसेल तरी असं होतं. क्लब बदलायच्या आधी हे करा.

प्लेनोकर

आकड्यांपुढे मान तुकवतो, पण पूर्ण नाही. तुमच्या कोर्सवर १७० ते १९० चे पार थ्री किती आहेत? त्यांच्यासाठी काय करणार? ब चा फोर आयर्न? १९ हँडिकॅपला फोर आयर्न म्हणजे शिक्षा आहे.

हिंजवडीचा_हुक

तिथे मुग्धाताईंचा मार्ग. विचार असा आहे: सिक्स ते पिचिंग ब चे, त्याच्या वर एक हायब्रिड आणि एक सेव्हन वुड. फोर, फाइव्ह घेतच नाही. ब चा पिचिंग ४६चा आहे, त्यामुळे खाली एकच गॅप वेज पुरेल.

चेंबूरकाका

शहाणा मुलगा. टूरवरचे लोकही असंच मिसळतात, वरचे आयर्न माफ करणारे आणि खालचे काटेकोर. सगळी पिशवी एकाच घराण्यातली पाहिजे हा हट्ट फक्त दुकानदारांचा.

एक सूचना. फोर्ज्ड लोखंड मऊ असतं. वर्षभर मॅटवर ठोकलंत तर लॉफ्ट अंश-दीड अंश सरकू शकतो. वर्षातून एकदा तपासून वाकवून घ्या. नाहीतर एवढं सातत्य विकत घ्याल आणि पुढच्या दिवाळीला सेव्हन-एट एकाच अंतरावर पडतील.

नाशिकचा_नाना

आणि कॅडीला आधी सांगा. त्यालाही सगळं पुन्हा पाठ करावं लागतं.

वाचनमात्र

फक्त वाचत होतो, आता लॉगिन करावं लागलं. मी डावखुरा आहे. फोर्ज्ड कॅव्हिटीचे डावखुरे सेट इकडे मारून बघायलाच मिळत नाहीत, दुकानात उजव्यांचेच डेमो असतात. न मारता मागवावे लागतात. अशा वेळी लाय आणि शाफ्टचं काय करता?

स्क्रॅच_पोरगा

आधी आत्ताच्या क्लबवरच लाय तपासून घ्या, सोलला टेप लावून बोर्डवरून मारतात तसं. तो आकडा आणि शाफ्टचं वजन ऑर्डरमध्ये लिहून द्या. सगळा सेट एकदम मागवू नका. कंपनी तयार असेल तर आधी एकटा सेव्हन मागवा, महिनाभर खेळा, मग बाकीचे. उंची आणि आत्ताचा शाफ्ट कोणता ते लिहा, बघू.

वाचनमात्र

५ फूट ७. स्टील, पण वजन काय ते घरी जाऊन बघतो. स्टिकर निघालाय.